कोटेशनच्या खालच्या ओळी

बैलबाजारात जोडीचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. गाडीच्या शोरूममध्ये तीच रीत घेऊन गेलं की फसगत ठरलेली. गाडीची मूळ किंमत, म्हणजे एक्स-शोरूम, कंपनी ठरवते. तिच्यात डीलरचं मार्जिन टक्क्यांत मोजलं तर एक आकडीच भरतं. "पन्नास हजार सोडा, आत्ता बयाणा देतो" असं म्हटलं की समोरचा पोरगा मॅनेजरच्या काचेच्या खोलीत जाऊन येतो आणि वीस सोडतो. आपण खूश. ते वीस त्यानं कोटेशनच्या, म्हणजे छापील भावपत्रकाच्या, खालच्या ओळींत आधीच पेरून ठेवलेले असतात.

इथला हिशेब यवतमाळ, अमरावती आणि नागपूर मिळून चार शोरूमचा आहे. डिसेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. गाडी पेट्रोलची, बाराशे सीसीच्या आतली, लांबी चार मीटरच्या आत. वाचणाऱ्याला आकडे सोपे जावेत म्हणून एक्स-शोरूम गोल आठ लाख धरली आहे, बाकीच्या रकमा त्याच बेतानं. शोरूमची नावं देत नाही. जे एका ठिकाणी झालं ते थोड्याफार फरकानं सगळीकडे होतं.

वेळेचं आधी. आपल्याकडे दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी गाडी घरी आली पाहिजे असा हट्ट असतो, आणि त्या दिवसांत डीलरला कोणालाच सूट द्यायची गरज नसते. पितृपक्ष, पौष, अधिक मास हे त्याचे रिकामे दिवस. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, तेव्हाही शोरूममध्ये चहा लवकर येईल. आम्ही गेलो तेव्हा पौष नुकताच लागला होता, वर्ष संपत होतं, तिमाहीही संपत होती. महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट अपुरं असलेला मॅनेजर २८ तारखेला जे मान्य करतो ते ५ तारखेला करत नाही. घरात पांढरं सोनं, म्हणजे कापूस, विकल्याचा चुकारा आलेला असला, तरी ते शोरूममध्ये बोलायचं नाही.

डिसेंबरात एक पथ्य पाळावं लागतं. २०२५ मध्ये बनलेली गाडी २०२६ उजाडण्याआधी काढायची डीलरला घाई असते आणि सूट त्याचमुळे जास्त मिळते. पण विकताना गिऱ्हाईक बनावटीचं वर्ष पाहतो. गाडी सात-आठ वर्षं वापरायची असेल तर फरक पुसट होतो, तीन वर्षांत बदलायची असेल तर आजची सूट तेव्हा परत जाते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं, "कोणत्या महिन्याची गाडी देता?" उत्तर कोटेशनवर लिहून घ्यायचं. नंतर फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं येतं, तिथे पडताळायचं.

आता कोटेशन. तोंडी भाव ऐकायचा नाही, छापील कोटेशन मागायचं, प्रत्येक रकमेची ओळ वेगळी. पहिल्या शोरूमनं दिलेलं असं होतं: एक्स-शोरूम ८,००,०००; आरटीओ १,०२,०००; विमा ४८,५००; एसेन्शियल किट १४,९००; वाढीव वॉरंटी १५,०००; हॅण्डलिंग ६,५००; फास्टॅग ८००. बेरीज ९,८७,७००. त्याखाली पेनानं लिहिलेलं, "विशेष सूट २०,०००".

दोन-तीन ठिकाणचं कोटेशन घ्यायचं हे सगळेच सांगतात. त्यातली खोच मात्र कोणी सांगत नाही. तालुक्याच्या गावातलं छोटं शोरूम आणि जिल्ह्याचं मोठं शोरूम बरेचदा एकाच मालकाचं असतं. दोन्हीकडून भाव घेऊन "पाहा, ते एवढे सोडून राहिले" म्हटलं तर तो आतल्या आत हसतो. ओळखायचं कसं? कोटेशनवर जीएसटी नंबर असतो. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. दोन कागदांवर ती दहा अक्षरं सारखी निघाली तर मालक एकच. आमच्या चार कोटेशनांपैकी दोन अशी निघाली. खरी स्पर्धा तीनच ठिकाणी होती.

आता ओळीनं घेऊ.

आरटीओ. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. आठ लाखांवर ११ टक्के म्हणजे ८८,०००. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००, वर किरकोळ. नव्वद-ब्याण्णव हजारांच्या पुढे जायला कारण नाही. मग १,०२,००० कशाचे? "सर, एजंटचं असतं थोडं." आता नव्या गाडीची नोंदणी डीलरच ऑनलाइन करतो, तपासणीला गाडी आरटीओच्या मैदानात उभी करावी लागत नाही. इथे रकमेवर वाद घालण्यापेक्षा एक वाक्य कोटेशनवर लिहून घेणं सोपं: "आरटीओ रक्कम प्रत्यक्ष पावतीप्रमाणे, फरक परत." पावती परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवरून निघते, तिच्यावर कर आणि फी वेगवेगळी छापलेली असते. शेवटी आमचा आकडा ९१,२०० आला.

कोणत्या आरटीओचा नंबर हवा तेही बुकिंगआधी ठरवायचं. गाडी नागपूरहून घेतली तरी पत्ता यवतमाळ जिल्ह्याचा असेल तर एमएच-२९ हवा, हे फॉर्मवर लिहून जायला हवं. नाहीतर तात्पुरती नोंदणी, पुन्हा चकरा आणि दीडशे किलोमीटरचं पेट्रोल.

हॅण्डलिंग. कुठे 'लॉजिस्टिक', कुठे 'डेपो चार्ज', कुठे 'स्मार्ट सर्व्हिस' अशी नावं असतात. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. ही ओळ खोडायला सांगायची, कमी करायला नाही. कमी करायला सांगितलं की ती आहे हे आपणच मान्य केलं. तीनपैकी दोन ठिकाणी ती न वाद घालता गेली. तिसऱ्या ठिकाणी गेली नाही, तर त्यांचाच नाद सोडला.

किट. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर, दाराची पट्टी, परफ्यूमची बाटली.

"काकाजी, हा किट कंपल्सरी आहे. सिस्टीममधूनच येते."

"मंग सिस्टीमले म्हणा, बिना किटची गाडी दाखव."

पोरगं हसलं आणि ओळ गेली. सांगायचं एवढंच की अशा दोन वस्तू आपल्याला खरंच लागतात. एक, मडफ्लॅप, काळ्या मातीतून पावसाळ्यात गाडी काढली की चिकट चिखल दारावर चढतो. दुसरी किटमध्ये नसतेच, इंजिनाखालचं लोखंडी गार्ड. पांदण रस्त्यावर मधला उंचवटा इंजिनच्या तळाला घासतो. दोन्ही बाहेर अर्ध्या किमतीत बसतात. पण वायर कापून बसवायचं काही, म्हणजे म्युझिक सिस्टीम, जादा दिवे, कॅमेरा, बाहेर लावलं तर विजेच्या तक्रारीला वॉरंटी नाकारायला कंपनीला निमित्त मिळतं. ते शोरूममधूनच लावायचं किंवा लावायचंच नाही.

वायरीवरून आठवलं. घरात कापूस, सोयाबीन भरून ठेवलेलं असेल आणि गाडी त्याच छपरीत उभी राहणार असेल तर उंदीर वायर कुरतडतात, आणि हा खर्च वॉरंटीत बसत नाही. शोरूमवाला 'अँटी रस्ट' आणि 'टेफ्लॉन' कोटिंग विकायला पाहतो. त्यापेक्षा बॉनेटखाली जाळी मारून घेणं कितीतरी कामाचं.

आरटीओनंतर विमा ही सगळ्यात जाड ओळ, म्हणून इथे बसून वेळ द्यायचा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर सरकारी ठरलेला: हजार सीसीपर्यंत ६,५२१, हजार ते पंधराशेपर्यंत १०,६४०, त्यावर २४,५९६, आणि वर जीएसटी. ह्यात कोणी रुपया कमी करू शकत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात, 'ओन डॅमेज' म्हणतात त्यात. तो एक वर्षाचा घ्यायचा असतो आणि विमा कंपनी त्यावर किती सवलत देते हे तिच्या मर्जीवर. शोरूमनं ४८,५०० लावले होते. त्याच कंपनीचा, त्याच अटींचा बाहेरचा भाव ३४,२०० निघाला.

तुलना करताना चार गोष्टी सारख्या हव्यात. पहिली आयडीव्ही, म्हणजे गाडी गेली तर मिळणारी रक्कम. नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, इथे ७,६०,००० धरायची. ती सात लाखांवर आणून हप्ता कमी दाखवणं ही जुनी युक्ती. दुसरी झिरो डेप आहे का, म्हणजे क्लेममध्ये बदललेल्या भागांचा घसारा कापत नाहीत ना. तिसरी इंजिन प्रोटेक्ट आहे का. नाल्याच्या पुराच्या पाण्यात गाडी घालून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत, आणि आपल्याकडे ऑगस्टात नाल्यावरून पाणी गेलं की लोक वाट पाहत नाहीत. चौथी, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो आधीच दुसऱ्या पॉलिसीत असेल तर तसं लिहून देऊन इथे वगळता येतो.

"आमच्याकडून विमा नाही घेतला तर सूट मिळणार नाही," असं तोंडानं सांगतात, लिहून कधी देत नाहीत. विमा आपल्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे विमा नियामकाच्या २०१७ च्या नियमांत आहे. पण लगेच नियम दाखवून भांडायची गरज पडत नाही. बाहेरचा भाव समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "एवढ्यात द्या, तुमच्याकडूनच घेतो." त्यांचा विमा घेण्यात आपलाही फायदा आहे, क्लेमच्या वेळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस पटकन होतं. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतात, चौदा हजार नाही. ३६,००० वर जमलं.

जुनी गाडी असेल तर तिचा नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसून माणसाचा असतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, पाच वर्षं नसेल तर ५० टक्के, नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. शोरूममध्ये हे कोणी आपणहून विचारत नाही.

जुन्या गाडीचं मोल करायला शोरूमचा माणूस येतो, बॉनेट उघडतो, मोबाईलनं वीस फोटो काढतो आणि मान हलवतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला; नव्या स्वस्त झाल्या तशा जुन्याही उतरल्या, हे खरं. पण ते सांगतात तितक्या नाहीत. नवीचा सौदा पूर्ण ठरेपर्यंत जुनीचं नावच काढायचं नाही, नाहीतर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जातं. आमच्या गाडीला त्यांचे १,३५,००० आणि एक्स्चेंज बोनस २०,००० असे १,५५,००० होत होते, तालुक्यातल्याच गिऱ्हाइकानं १,७०,००० दिले. काही कंपन्या गाडी बाहेर विकली तरी आरसी नावावर बदलल्याचा कागद दाखवल्यावर बोनस देतात. विचारायला काय जातं. बाहेर विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळं व्हायचं नाही, नाव बदलल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करायचा. तोवर त्या गाडीचा चालान आणि अपघात आपल्या नावावर.

कंपनीच्या सवलती वेगळ्या, डीलरच्या वेगळ्या. शिक्षक, जिल्हा परिषद, पोलीस, बँक, वीज मंडळ यांना ओळखपत्रावर कॉर्पोरेट सूट मिळते; काही कंपन्यांत कास्तकाराला सातबाऱ्यावर ग्रामीण सूट असते. घरात माजी सैनिक असेल तर आधी कँटीनचा भाव पाहावा, तो बहुतेक वेळा सगळ्यांच्या खाली असतो. गाडी कोणाच्या नावावर घेतली तर काय लागू पडतं, हे घरीच ठरवून जायचं. बुकिंग बापाच्या नावानं आणि ओळखपत्र पोराचं, अशात सूट अडकते.

कर्जाच्या टेबलावर गेल्यावर लोक थकलेले असतात, आणि तिथेच दुसरा झटका बसतो. "फक्त सहा टक्के" असं ऐकलं की विचारायचं, फ्लॅट का रेड्यूसिंग? फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, रेड्यूसिंग म्हणजे उरलेल्या रकमेवरच. सहा लाख, पाच वर्षं, सहा टक्के फ्लॅट: व्याज १,८०,०००, हप्ता १३,०००. तेच सहा लाख बँकेत नऊ टक्के रेड्यूसिंगनं: हप्ता १२,४५५, व्याज सुमारे १,४७,३००. म्हणजे सहा टक्केवाला बत्तीस हजारांनी महाग. फ्लॅट सहा हा खरा पावणेअकराच्या वर जातो. टक्का ऐकायचाच नाही. हप्ता गुणिले महिने, अधिक प्रोसेसिंग फी, अधिक कर्जात हळूच घातलेला 'लोन सुरक्षा' विमा, ही बेरीज मागायची.

शेतकऱ्याला सहामाही हप्ता मिळतो. सोयाबीन-कापसाच्या पैशाला तो जुळतो, म्हणून सोयीचा वाटतो. त्याच नऊ टक्क्यांवर सहा लाखांचा सहामाही हप्ता ७५,८२७ पडतो आणि पाच वर्षांत व्याज सुमारे अकरा हजार जास्त जातं. दर तोच असेल तर ही सोय परवडते. खासगी फायनान्सवाले सहामाहीला दरही वाढवतात, तिथे सावध.

आणि सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद. कर्जमाफी येईल म्हणून पीक कर्ज थकवलेलं असेल, किंवा तडजोडीत मिटवलेलं असेल, तर ते तिथे दिसतं आणि कारचा दर चढतो, नाहीतर फाईलच परत येते. शोरूममध्ये कळून मान खाली घालण्यापेक्षा महिनाभर आधी स्वतःचा अहवाल काढावा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. बँकेनं 'बंद' नोंदवायचं राहिलं असेल तर दुरुस्तीला तेवढा वेळ लागतोच.

पैसे देताना दोन गोष्टी. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यावर, पोराच्या फोन पे वर नाही. पावतीवर रद्द केल्यास किती कापणार ते लिहिलेलं हवं. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तुकडे करूनही चालत नाही. कापसाचे पैसे घरात रोख असतील तर आधी खात्यात टाका. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वर घेतात. शेतीशिवाय उत्पन्न नसेल तर हा टक्का पूर्ण परत मिळू शकतो, फक्त त्या वर्षाचं रिटर्न भरावं लागतं. बरेच जण भरत नाहीत आणि दहा-बारा हजार सरकारजमा होतात.

शेवटचा हिशेब: एक्स-शोरूममधून कंपनीची १५,००० आणि डीलरची ८,००० सूट जाऊन ७,७७,०००, आरटीओ ९१,२००, विमा ३६,०००, वॉरंटी १२,०००, फास्टॅग ६००. एकूण ९,१६,८००. पहिल्या कागदावरच्या छापील बेरजेपेक्षा ७०,९०० कमी. त्यात सूट म्हणून दिसणारे २३,००० च. उरलेले ४७,९०० ह्या खालच्या ओळींतून निघाले.

ताबा घेण्याआधी, नोंदणीच्याही आधी, गाडी यार्डात जाऊन दिवसा पाहायची. नंबर पडल्यावर ती आपली, मग तक्रार वॉरंटीची होते. चेसिस नंबर कागदाशी जुळवायचा. टायरच्या बाजूला चार अंक असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनीचे अंक जवळपासचे हवेत. उन्हाळाभर उघड्या यार्डात उभी राहिलेली गाडी वायपरवरून कळते: रबर कडक, काचेवर पाणी मारलं की कर्र वाजतं. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या गाडीचं तसंच होतं आणि मागच्या दाराला उन्हात तिरकं पाहिलं की रंगाची झाक वेगळी. नाकारली, तीन दिवसांनी दुसरी आली. हे तीन दिवस धरूनच महिनाअखेरीचा बेत आखावा.

नंबर प्लेट लावल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. हाय सिक्युरिटी प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला डीलरनंच लावून द्यायची असते, वेगळे पैसे नाहीत. दुसरी किल्ली, जॅक, पाना, विम्याचा कागद, करपावती हातात घ्यायची. आरसी पोस्टानं घरच्या पत्त्यावर येते. गावात घर क्रमांक नसतो, आधारवर नुसतं 'मुक्काम पोस्ट' असतं आणि दिवसभर सगळे वावरात. पोस्टमनला दार बंद दिसलं की पाकीट आरटीओत परत जातं, म्हणून अर्जात चालू मोबाईल नंबर घालायचा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवायचं.